रुडॉल्फ डिझेल

सकाळच्या प्रहरीं गांवाच्या नाक्यावर क्षणभर उभें राहिलें, तर नाना प्रकारचीं वाहनें आपल्या दृष्टीस पडतात. भाजीपाल्यानें लादलेली मालमोटार शहराकडे धांवत असते. उतारूंनीं भरलेली एस्. टी. ची लाल गाडी धुरळा उडवीत येते. एखादा ट्रॅक्टर उंसाची गाडी ओढीत कारखान्याच्या वाटेला लागलेला असतो. या सर्वांच्या पोटांत जें तेल जळतें त्यास आपण डिझेल म्हणतों. हा शब्द लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु हें मूळचें तेलाचें नांव नसून एका माणसाचें आडनांव आहे, हें आमच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें, असा आमचा अनुभव आहे. ज्याचें नांव आपण रोज घेतों, त्याची ओळख आपणांस नसावी हें बरें नव्हे. म्हणून त्या पुरुषाचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म ता. १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस शहरीं झाला. त्याचे आईबाप जर्मनींतील बव्हेरिया प्रांताकडचे. वडील थिओडोर हे ऑग्सबर्ग शहरच्या पुस्तकबांधणी करणाऱ्या घराण्यांतले असून, पॅरिसमध्यें कातडी सामान तयार करण्याचा लहानसा धंदा करीत. तीन भावंडांत रुडॉल्फ हा मधला व एकुलता एक मुलगा होता. घरची स्थिति बेताचीच असल्यामुळें तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोंचविण्याचें काम त्याच्याकडे असे. माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यास किती श्रम पडतात, हें त्याला पुस्तकांत वाचावें लागलें नाहीं. तें त्याच्या हातांना व पायांना आधींच माहीत झालें होतें.

इ. स. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांच्यामध्यें युद्ध जुंपलें आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांवर देश सोडण्याची पाळी आली. डिझेल कुटुंब चालता धंदा मागें टाकून लंडनला गेलें. तेथें सर्वांचा निभाव लागणें कठीण, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्ग येथें एका नातेवाइकांकडे ठेवण्यांत आलें. हे नातेवाईक तेथील औद्योगिक शाळेंत गणिताचे शिक्षक होते. आईबापांपासून दूर राहिलेल्या या मुलानें अभ्यासाचा आश्रय केला. चौदाव्या वर्षीं त्यानें घरीं पत्र लिहून आपण इंजिनियर होणार असल्याचें कळविलें, आणि पुढच्याच वर्षीं शाळेच्या परीक्षेंत पहिला क्रमांक मिळविला. मुलानें आतां चार पैसे मिळवावे अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु १८७५ सालीं म्यूनिकच्या तंत्रविद्यालयाची शिष्यवृत्ति त्याला मिळाली व तिच्या आधारावर तो पुढें शिकूं शकला.

या विद्यालयांत कार्ल फॉन लिंडे नांवाचे नामांकित अध्यापक होते. थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्रांचे ते मोठे शोधक होत. एके दिवशीं वर्गांत त्यांनीं असें समजावून दिलें कीं, वाफेच्या इंजिनांत कोळशाच्या उष्णतेचा शेंकडा ६ ते १० एवढाच भाग प्रत्यक्ष कामांत येतो. याचा अर्थ काय होतो, हें आमच्या वाचकांनीं थोडें थांबून मनांत आणावें. खाणींतून शंभर मण कोळसा काढावा, तो गाडींतून वाहून आणावा, भट्टींत फावड्यानें टाकावा, आणि त्यांपैकीं नव्वद मणांची उष्णता धुराड्यावाटें व वाफेबरोबर निघून जावी! आगगाड्या व आगबोटी ज्या जोरावर धांवत होत्या त्याच्या नऊदहा पट उष्णता त्या वाटेवर फेंकून देत होत्या. वर्गांतील इतर विद्यार्थ्यांनीं हा आंकडा वहींत टिपून घेतला असेल व परीक्षेपुरता लक्षांत ठेवला असेल. रुडॉल्फच्या मनाला मात्र तो लागून राहिला. साडी कार्नो नांवाच्या फ्रेंच इंजिनियरानें १८२४ सालींच उष्णतेपासून अधिकांत अधिक किती काम मिळूं शकेल याचा सिद्धान्त मांडून ठेवला होता. तो सिद्धान्त यंत्रांत उतरवितां येईल काय, हाच प्रश्न रुडॉल्फनें आपल्या आयुष्याचा विषय करून घेतला.

१८७९ सालीं ऐन परीक्षेच्या वेळीं त्याला विषमज्वरानें गांठलें, व परीक्षा राहून गेली. तो रिकामा बसला नाहीं. स्वित्झर्लंडांतील विंटरथूर गांवीं सुल्झर बंधूंच्या कारखान्यांत जाऊन त्यानें प्रत्यक्ष यंत्रकामाचा अनुभव घेतला, आणि १८८० च्या जानेवारींत परीक्षा देऊन उत्तम यश संपादन केलें. नंतर लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्याच्या कामासाठीं तो पॅरिसला गेला व वर्षभरांतच तेथील मुख्य झाला. १८८३ सालीं मार्था फ्लाशे या बाईशीं त्याचा विवाह झाला. त्यांस दोन पुत्र व एक कन्या अशीं तीन मुलें झालीं. दिवसां पोटाचें काम व उरल्या वेळांत आपल्या इंजिनाचे प्रयोग, असा त्याचा क्रम दहा वर्षें चालला. प्रथम त्यानें पाण्याच्या वाफेऐवजीं अमोनियाची वाफ वापरून पाहिली. परंतु तो मार्ग सोडून द्यावा लागला. १८९० सालीं तो बर्लिनला राहावयास गेला, आणि तेथें त्याची मूळ कल्पना पक्व झाली.

ती कल्पना समजण्यास मोठें शास्त्र नको. सायकलीच्या चाकांत पंपानें हवा भरतांना पंपाचें टोंक ऊन लागतें, हें प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. हवा दाबली म्हणजे ती तापते. आम्ही वर्गांत एकदां पंप फिरविला, तेव्हां प्रत्येकानें बोट लावून याची खात्री करून घेतली होती. आतां हीच हवा मजबूत सिलिंडरमध्यें दट्ट्यानें तिचा दाब तीसपस्तीस पट होईपर्यंत दाबली, तर ती इतकी तापते कीं तिच्यांत तेलाचा फवारा सोडतांच तें आपोआप पेट घेतें. ठिणगी नको, काडी नको. त्या जळण्यानें वायु फुगतो, दट्ट्या जोरानें मागें सारला जातो व चाक फिरतें. ठिणगीनें पेटणाऱ्या इंजिनांत हवा व इंधन आधींच मिसळलेलीं असल्यामुळें तें मिश्रण फार दाबतां येत नाहीं. नको त्या वेळीं भडका उडतो. डिझेलनें केवळ हवाच दाबली, म्हणून त्याला पाहिजे तितका दाब देतां आला. आणि दाब जितका अधिक, तितका उष्णतेचा कामांत येणारा वांटाहि अधिक. शिवाय भट्टी इंजिनाच्या बाहेर नसून सिलिंडरच्या पोटांतच असल्यामुळें बाष्पपात्र व धुराडें यांच्या वाटेनें होणारी नासाडी मुळांतच टळली.

१८९२ सालीं त्यानें या कल्पनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला व पुढील वर्षीं तें मंजूर झालें. त्याच वर्षीं त्यानें आपल्या विचारांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पुष्कळ जाणत्यांनीं हें होणें शक्य नाहीं असें ठरविलें, आणि खरें सांगावयाचें तर त्यांच्या आक्षेपांत तथ्यहि होतें. कार्नोच्या सिद्धान्ताप्रमाणें हुबेहूब चालणारें यंत्र करूं पाहिलें तर सर्व शक्ति हवा दाबण्यांतच खर्च होते, हें डिझेललाहि कळून चुकलें. येथें त्याचा एक गुण दिसून येतो. त्यानें हट्ट न धरतां आपल्या योजनेंत बदल केला. ऑग्सबर्ग यंत्रकारखान्याचे चालक हाइन्रिख बुट्स यांनीं त्याला जागा, माणसें व साहित्य दिलें. एसेन येथील क्रुप कारखान्यानेंहि पैशाचें साहाय्य केलें.

ता. १० ऑगस्ट १८९३ रोजीं पहिल्या इंजिनाची परीक्षा झाली. इंजिन बाहेरच्या शक्तीनें फिरवून आंत इंधन सोडतांच असा स्फोट झाला कीं, दाब मोजण्याचें यंत्र फुटून त्याचे तुकडे उडाले. इंजिन चाललें नाहीं. परंतु दाबलेल्या हवेंत इंधन पेटतें एवढें सिद्ध झालें. इंजिन पुन्हां बांधण्यांत आलें. ता. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं तें प्रथमच आपल्या बळावर फिरलें. तेंहि सुमारें एक मिनिट, अवघे ८८ फेरे! एका मिनिटाच्या या यशानंतर आणखी तीन वर्षें खपावें लागलें. तेलाचा फवारा कसा सोडावा, दट्ट्या घट्ट कसा बसवावा, पोलाद तापून निकामी होऊं नये म्हणून काय करावें, अशा शेंकडों बारीक अडचणी एकामागून एक सोडवाव्या लागल्या. अखेरीस ता. १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं म्यूनिकचे अध्यापक मोरिट्स श्रोटर यांनीं त्रयस्थ परीक्षक या नात्यानें इंजिनाची मोजणी केली. इंधनाच्या उष्णतेचा शेंकडा २६.२ भाग कामांत येतो असें ठरलें. लिंडे यांनीं वर्गांत सांगितलेल्या प्रमाणाच्या हा अडीच पटींहून अधिक होता. वर्गांत बसून प्रश्न पडल्यापासून उत्तर हातीं येईपर्यंत सुमारें वीस वर्षें लोटलीं होतीं.

आतां कीर्ति व पैसा हीं दोन्हीं धांवत आलीं. अमेरिकेंतील हक्क अडॉल्फस बुश या धनिकानें दहा लाख मार्क देऊन विकत घेतले. रशियांत इमॅन्युएल नोबेल यांनीं हक्क घेतले. पण पहिलीं इंजिनें कारखान्यांतून बाहेर पडूं लागलीं तेव्हां त्यांतले दोष उघडकीस आले. केंप्टेन येथील आगकाड्यांच्या कारखान्यांत १८९८ सालीं बसविलेल्या इंजिनानें मालकांना पुष्कळ त्रास दिला. प्रयोगशाळेंत एक यंत्र चालविणें निराळें व तेंच सामान्य कामगाराच्या हातीं देऊन वर्षभर चालविणें निराळें. श्रम, टीका व पेटंटासंबंधींचे कज्जे यांमुळें डिझेलची प्रकृति ढांसळली व त्याला कांहीं महिने आरोग्यभवनांत काढावे लागले. त्या अवधींत ऑग्सबर्गच्या व इतर कारखान्यांच्या इंजिनियरांनीं हळूहळू इंजिन सुधारून विश्वासाचें केलें. इतिहासांत एकाचें नांव राहतें, पण कार्य अनेकांच्या हातांनीं तडीस जातें, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

१९०० सालीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालें. तेथें मांडलेल्या एका लहान इंजिनांत भुईमुगाचें तेल घालून तें चालवून दाखविण्यांत आलें, आणि पुष्कळ प्रेक्षकांच्या ध्यानांतहि हा बदल आला नाहीं. शेतांत पिकणाऱ्या तेलालाहि पुढें इंधन म्हणून महत्त्व येईल, असा विचार डिझेलनें १९१२ सालीं बोलून दाखविला होता.

वाहतुकीच्या कामीं या इंजिनाचा पहिला मोठा उपयोग जलमार्गावर झाला. १९०३ सालीं रशियांत वांदाल नांवाचें तेलवाहू जहाज डिझेल इंजिनावर चालूं लागलें. १९१२ सालीं डेन्मार्कमधील कोपनहेगन येथें बांधलेलें सेलांडिया हें मालवाहू जहाज बँकॉकच्या सफरीवर निघालें. प्रत्येकीं १२५० अश्वशक्तीचीं दोन इंजिनें त्यांत होतीं. वाटेंत लंडनच्या बंदरांत तें थांबलें असतां इंग्लंडचे तेव्हांचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं तें जाऊन पाहिलें. बंदरावरच्या लोकांस सर्वांत नवल वाटलें तें हें कीं, या जहाजास धुराडेंच नव्हतें! बाष्पपात्रें नाहींत, भट्टींत कोळसा झोंकणारे घामाघूम खलाशी नाहींत, कोळशाच्या ढिगांनीं अडविलेली जागा नाहीं. तेल जहाजाच्या तळांत सांठविलेलें, आणि वाचलेली जागा सर्व मालासाठीं मोकळी. पॅरिसच्या गल्ल्यांतून हातगाडी ढकलणाऱ्या मुलाचा विचार आतां महासागरावर माल वाहूं लागला होता.

परंतु या चरित्राला दुसरीहि बाजू आहे, व ती झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. मोठमोठ्या कारखान्यांपुढें लहान कारागीर टिकत नाहीं, त्याच्या हातीं स्वस्तांत चालणारें लहान इंजिन द्यावें, असा डिझेलचा मूळ हेतु होता. कामगारांनीं सहकारानें आपले कारखाने चालवावे असें प्रतिपादन करणारें एक पुस्तकहि त्यानें १९०३ सालीं लिहिलें; त्यास फारसे वाचक मिळाले नाहींत. इंजिनें प्रथम अवजड झालीं आणि तीं गेलीं मोठ्या कारखान्यांत व मोठ्या जहाजांत. पैशाच्या बाबतींत तर त्याचें दुर्दैव अधिकच मोठें. म्यूनिक येथें त्यानें राजवाड्यासारखें घर बांधलें. जमिनींच्या व तेलविहिरींच्या व्यवहारांत मिळविलेलें द्रव्य घालविलें. ज्यानें इंजिनांत उष्णतेचा कणहि वायां जाऊं नये म्हणून रात्रींचा दिवस केला, त्याला घरचा जमाखर्च सांभाळतां आला नाहीं. त्याहून दुःखाची गोष्ट ही कीं, आपल्यावर आलेलें संकट त्यानें पत्नीपासून व मित्रांपासून लपवून ठेवलें.

ता. २९ सप्टेंबर १९१३ रोजीं अँटवर्प बंदरांत तो ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटींत चढला. इंग्लंडांत इंजिनाच्या एका नव्या कारखान्यासंबंधानें सभा होती. सोबत्यांबरोबर त्यानें भोजन केलें, सकाळीं सव्वासहा वाजतां उठवावयास सांगितलें, व तो आपल्या खोलींत गेला. सकाळीं खोली रिकामी होती व बिछान्यावर कोणी निजल्याचें चिन्ह नव्हतें. त्याची टोपी व अंगरखा डेकवर कठड्यापाशीं आढळला. सुमारें दहा दिवसांनीं एका डच बोटीच्या लोकांस समुद्रांत एक प्रेत सांपडलें. त्याजवळच्या वस्तू पाहून डिझेलच्या पुत्रानें त्या आपल्या वडिलांच्या असल्याचें ओळखलें. अपघात झाला कीं दुसरें कांहीं, याचा निर्विवाद निर्णय लागला नाहीं. परंतु त्याच्या पश्चात् शिल्लक उरलेली नव्हती व कर्ज मात्र होतें, हें उघडकीस आलें. मृत्युसमयीं त्याचें वय ५५ वर्षांचें होतें.

मनुष्य गेला, पण इंजिन राहिलें. डिझेलच्या हयातींत तेलाचा फवारा सोडण्यास दाबलेली हवा लागे व तीसाठीं वेगळें अवजड यंत्र जोडावें लागे. म्हणून हें इंजिन मोटारीवर बसत नसे. पुढें दुसऱ्या शोधकांनीं ही अडचण दूर केली. १९२४ च्या सुमारास जर्मनींत डिझेलवर चालणाऱ्या मालमोटारी आल्या, व रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याचा तेल दाबून सोडणारा पंप १९२७ सालीं बाजारांत आल्यावर त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. रेल्वेवरहि या इंजिनांनीं वाफेच्या इंजिनांची जागा घेतली. आपल्या महाराष्ट्रांत पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनें हीं इंजिनें येथेंच बनविलीं, आणि कित्येक शेतकऱ्यांच्या विहिरींवर मोटेची जागा इंजिनानें घेतली. लहान माणसाच्या हातीं शक्ति द्यावी हा डिझेलचा हेतु तेथें थोडाबहुत सफळ झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आज महासागरावरील प्रचंड मालवाहू जहाजांचीं इंजिनें इंधनाच्या उष्णतेपैकीं निम्मा किंवा त्याहून किंचित् अधिक भाग कामांत आणतात. शंभरांत दहा येथपासून शंभरांत पन्नास येथपर्यंत ही वाट येऊन पोंचली आहे.

तरीहि हें काम पुरें झालें असें समजूं नये. डिझेलच्या धुरांत आरोग्यास घातक द्रव्यें असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं हा धूर कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत गणला. शिवाय इंजिन काटकसरी झालें म्हणून वाहनें वाढत गेलीं, तर एका वाहनांत वांचविलेलें इंधन दहा वाहनांत जळून जातें. म्हणून इंजिनाच्या काटकसरीला माणसाच्या काटकसरीची जोड पाहिजे. चाळीस उतारू एका बसमधून गेले तर जें इंधन लागतें, तेंच चाळीस जण आपापल्या मोटारींतून गेल्यास कित्येक पटींनीं अधिक लागतें. एक टन माल एक मैल नेण्यास मालमोटारीपेक्षां आगगाडीला व जहाजाला पुष्कळच कमी इंधन पुरतें. चाकांत हवा कमी असेल, गाडी उभी असतां इंजिन उगाच चालू ठेवलें, किंवा अर्धी रिकामी गाडी पळविली, तर उत्तम इंजिनाचाहि गुण फुकट जातो. या गोष्टी करण्यास कोणतेंहि पेटंट लागत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत असें आम्हांस वाटतें. वर्गांत शिक्षकांनीं सांगितलेला एखादा साधा आंकडा हा केवळ पाठ करण्यासाठीं नसतो. तो मनाला लावून घेणारा एखादा विद्यार्थी जगाची राहाटी बदलूं शकतो. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी कीं, बुद्धि कितीहि तीव्र असली तरी आपल्या अडचणी आपल्या माणसांपासून लपवूं नयेत. इंजिनांतील दाब मर्यादेबाहेर गेला तर पोलादहि फुटतें. मग माणसाच्या मनाची कथा काय? परीक्षेंतलें अपयश असो, कीं पैशाची ओढाताण असो, तें आईबापांस, शिक्षकांस किंवा मित्रांस सांगावें. आणि पालकांनींहि मुलांना तें सांगावेंसें वाटेल अशी मोकळीक घरांत ठेवावी. यापुढें एस्. टी. च्या गाडींत बसाल तेव्हां तिच्या घरघराटांत या माणसाची आठवण करा, आणि आजहि जी उष्णता वायां जात आहे ती कशी वांचवितां येईल, याचा विचार तुमच्यापैकीं कोणीतरी सुरू करावा, अशी आमची इच्छा आहे.